नागापुढची दुधाची वाटी

फार पूर्वी, प्राणी एकमेकांची सुखदुःखं विचारत असत तेव्हाची गोष्ट. नागपंचमीला गारुड्याने अंगणात टोपली उघडली. आतल्या नागाला त्याने पंधरा दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता. बायकांनी पुढे दुधाची वाटी ठेवली.

"नशीब काढलंत, नागोबा!" ओट्यावरची मांजर म्हणाली. "मला तर यासाठी लाटण्याचा मार खावा लागतो."

"मावशी, मला दूध सोसत नाही हो. मरेन मी. त्यांना पाणी मागा ना!"

मांजर घाबरून खरंच ओरडली. बायकांना नुसतं म्याँव ऐकू आलं.

"मेलीचा डोळा दुधावरच!" म्हणत त्यांनी तिला हाकललं.

नागाने बराच वेळ तोंड फिरवून ठेवलं. शेवटी तहान सोसवेना, तेव्हा वाटीत तोंड घातलं.

"बघा, किती आवडतं त्याला!" एकीने हात जोडले आणि वाटी पुन्हा भरली.