दीड फेरा

“इंजिन तर गप झालं होतं, वस्ताद. मग माझं चुकलं कुठं?”

जोतिराम साळोख्याने हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे मुजावर वस्ताद कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गॅरेजच्या याच पत्र्याखाली जोतिराम त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं राबला होता. आता त्याचं स्वतःचं मोठं गॅरेज होतं. कसलंही धडधडणारं इंजिन हा गडी पाच मिनिटांत शांत करतो, असं कोल्हापूरभर बोललं जाई. त्यालाही ते फार आवडे, इतकं की सहावं मिनिट लागलं तर जिवावर येई.

गेल्या सोमवारी सकाळी म्हादबा ड्रायव्हर एका मास्तरीणबाईंना घेऊन त्यांच्या जुन्या गाडीतून आला होता. गाडी नुसती उभी चालू ठेवली की इंजिन उचल खायचं, खाली बसायचं, पुन्हा उचल खायचं. जोतिरामने आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग राखणारा, स्क्रू आवळला आणि इंजिन शांत झालं. बाई म्हणाल्या, “हाताला गुण आहे हो तुमच्या.”

दुपारी घाटात गाडी कठडा तोडून खाली गेली आणि पेटली. बाई गेल्या. म्हादबा बाहेर फेकला गेला म्हणून वाचला... वाचला म्हणजे दोन्ही पाय मोडून सरकारी दवाखान्यात पडला, दाराशी पोलीस. ब्रेक दगड झाला होता, दबतच नव्हता, एवढंच तो बिचारा सांगत होता. कोण ऐकतंय त्याचं? तपासायला गाडीच उरली नव्हती.

“सगळे म्हणतात, म्हादबानं दारू घेतली असणार,” जोतिराम म्हणाला. “माझं नाव कुणी काढलेलं न्हाई.”

“मग हितं कशाला आलास?”

सोमवारपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तुझं काही चुकलं नाही, एवढं एकच वाक्य त्याला वस्तादांच्या तोंडून हवं होतं.

वस्ताद उठले. कोपऱ्यात त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी होती. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं. ते एका सुरात चालू लागलं.

मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि एका रबरी नळीला चीर दिली.

“वस्ताद!”

इंजिनाने उचल खाल्ली. खाली बसलं. पुन्हा उचल.

“कर शांत,” म्हणत वस्तादांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

जोतिरामचा हात सवयीने गेला. इंजिन शांत झालं.

“असंच केलंस?”

“असंच.”

“किती फेरे?”

“दीड.”

“आधी नळ्या दाबून बघितल्यास?”

वस्तादांनी नऊ वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडलेली गोष्ट ती हीच. आधी एकेक नळी बोटांत दाबून बघायची, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

“बाईंना घाई होती...” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “न्हाई. मला होती.”

“आत बस. ब्रेक दाब.”

त्याने दाबला. ब्रेक हलेना. त्याने दोन्ही पायांनी जोर दिला, स्टिअरिंग धरून अर्धा उभा राहिला. पायाखाली दगड होता.

इंजिन हवा ओढतं ती ओढ याच नळीतून ब्रेककडे जाते, म्हणून ब्रेक हलका लागतो. नळी फाटली की ती ओढ गळते आणि इंजिन उचल खातं; स्क्रू आवळला की फक्त तो आवाज दबतो. हे त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

“सकाळी चीर बारकी असणार,” वस्ताद म्हणाले. “घाटात फाटली.”

जोतिरामने ब्रेकवरचे पाय काढले.

“म्हादबा खरं बोलतोय,” तो म्हणाला.

वस्तादांनी ब्लेड पुसून ठेवलं.

“मी तोंड उघडलं तर गॅरेज गेलं. मी आत जाईन, वस्ताद. पोरीचं लग्न ठरलंय...”

समोर फाटक्या नळीचं इंजिन शांतपणे चाललं होतं. तो आवाज त्याला ऐकवेना.

“बाई तर आता परत येणार न्हाईत न्हवं?”

“न्हाई.”

“मग मी काय करू?”

वस्तादांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या मुठीत दिला.

“खरा आवाज तू दाबलास. दीड फेरा आवळलास न्हवं? उलटा फिरव.”