सातव्या वाटीतला पाला

"आणि या वाटीत?" बुवांनी विचारलं.

सदोबाच्या डोळ्यांवर पंचा घट्ट बांधलेला. त्याने घोट जिभेवर घोळवला आणि गालातल्या गालात हसला.

"गवती चहा. वास लिंबाचा, पण आंबटपणा नाही. सोबत काळी तुळस. आणि… ज्येष्ठमध. लबाड मेलं! घोट खाली उतरला की मग घशाला गोड लागतं."

"बरोबर."

ही पाचवी वाटी. घाटाच्या पायथ्याच्या त्या मठात येईल त्या वाटसरूला काढा पाजायची रीत होती, आणि काढा वाढायचा डाव ज्याच्या हाती, मठ त्याचा. धुंडिराजबुवा आता थकले होते; सातही वाट्या अचूक ओळखेल त्याच्या हाती ते डाव सोपवणार होते. सदोबा नऊ वर्षं त्या डावावर डोळा ठेवून होता. आता बोला! आला होता वैराग्य शोधायला, आणि जीव अडकला कशात, तर लाकडी डावात.

सहाव्या वाटीत सुंठ, दालचिनी आणि ओव्याचं पान. सदोबाने नुसत्या वासावरून सांगितलं, ओठही लावला नाही.

"जीभ तयार झाली तुझी," बुवा म्हणाले. "आई कशी आहे?"

हे काय मध्येच? सदोबा मनात चडफडला. गावाहून दोनदा निरोप आला होता. म्हातारीचा खोकला थांबत नाही, सारखं तुझं नाव घेते, एकदा येऊन जा. दोन्ही वेळा बुवांनी 'जा' म्हटलं होतं. गाव तरी किती लांब? सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचावं.

"डाव हाती आला की जाईन, बुवा. अडुळशाचा काढा मीच करून पाजीन तिला. रिकाम्या हातानं कसा जाऊ?"



अंगणात कुणाच्या तरी वहाणा वाजल्या. बुवा उठून दाराशी गेले. कुजबुज झाली, मग बुवांची पावलं चुलीकडे वळली. चुलीवर पाणी उकळत होतं.

सदोबा मनात मांडे खात बसला. शेवटची वाटी! म्हातारा आता कुठली तरी जगावेगळी मुळी उकळत असणार. उकळू दे.

वाटी हातात आली.  सदोबाने घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"कडुनिंब!" त्याला रागच आला. "बुवा, थट्टा करता का गरिबाची? पाडव्याला खातात, मसणातून परतल्यावर चावतात, तो हा पाला. शेंबडं पोरही सांगेल. नऊ वर्षांच्या जिभेची ही परीक्षा?"

"कुठल्या झाडाचा?"

"आँ?"

"कुठल्या झाडाचा, सदोबा?"

"झाड कसं सांगणार? निंब तो निंब. सगळा सारखाच कडू."

"आणखी एक घोट घे."

त्याने घेतला. कडूच होता.

बुवांनी त्याच्या डोळ्यांवरचा पंचा सोडला.

उंबऱ्याबाहेर त्याच्या गावाकडच्या शेजारघरचा म्हादूअण्णा उभा होता. डोळे सुजलेले. हातात निंबाची डहाळी, अर्धी ओरबाडलेली.

"अण्णा… आई?"

म्हादूअण्णाने मान खाली घातली.

सदोबाच्या हातातली वाटी कलंडली. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडात कडूशिवाय काही उरलं नव्हतं.

"तुझ्याच दारातल्या झाडाचा," बुवा म्हणाले. "काल सगळ्या गावानं चावला. तुझा वाटा राहिला होता."

मग त्यांनी चुलीपाशी जाऊन डाव उचलला, पदराने पुसावा तसा उपरण्याने पुसला, आणि सदोबाच्या हातात दिला.

"घे. आता रिकाम्या हातानं जायला नको."