गावाची माती करणारी गोजरा

ऐका. फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, इतकी जुनी की तरसवाडीच्या माळावर तेव्हा खरोखरच तरसं राहायची. माणदेशात ढग येतात ते पुढच्या गावाला जाण्यासाठी, आणि तरसवाडी तर ढगांच्या वाटेवरही नव्हती. त्या गावात गोजरा नावाची कुंभारीण होती. नवरा गेला तेव्हा त्याचं चाक तिने हाती घेतलं. बाईने चाकाला हात लावू नये असा दंडक होता. पण दंडक सांगायला जे येत, त्यांच्यातला कुणी तिच्या चुलीला चिपाड घेऊन येत नसे. म्हणून तिने चाक फिरवलं.

पुढे पावसाने सलग पाठ फिरवली. माळावरच्या बाभळी संपल्या, आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, पेटवायला लाकूड मिळेना. गोजराची मडकी अर्धीकच्ची राहू लागली. रात्री भरून ठेवलेलं मडकं सकाळी निम्मं व्हायचं आणि खालची जमीन ओली. बायका मडकी परत आणून तिच्या दारात आदळायच्या.

"गोजरे, पाणी प्यायला मडकं मागितलं होतं गं, चितंभवती फिरवायला न्हाई!"

हे बोलणं साधं नव्हतं. गळतं मडकं आपल्याकडे एकाच वेळी लागतं. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडतात, पाण्याची धार लागते आणि मग ते फोडतात. म्हणून गळक्या मडक्याला घरात थारा नाही. गावाने तिचं नाव गळकी गोजरा ठेवलं आणि तिच्या दारावरून जाताना पोरांना पदराआड घ्यायला सुरुवात केली.

आता गावच्या पाण्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट खोटी होईल. गावात विहीर एकच होती. ती सगळ्या गावाने खणली होती, पण निघाली रावजी देशमुखांच्या हद्दीत, म्हणून पाणीही देशमुखांचं झालं. घरटी एक घागर मिळायची. आणि देशमुखांची मोट मात्र दिवसभर चालायची. भर उन्हात केळीत, मोगऱ्यात पाटाने पाणी सोडायचे. त्यातलं अर्धं ऊन प्यायचं, उरलेलं बांधाबाहेर जायचं, आणि जमीन वर मीठ फेकून पांढरी पडायची. इकडे बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. गाव त्या बागेकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचं, "आमच्या देशमुखांची बागाईत!" लुटणाऱ्याचं कौतुक लुटलेल्यांनी करायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे.

त्या वर्षी गोजराची लेक बायजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरीच्या पायांवर सूज, तोंडावर रया नाही. सुईण म्हणाली, "हिला हिरवं खायला घाल, गोजरे. न्हाईतर दोघांतलं एकच वाचंल." हिरवं आणायचं कुठून? गावात हिरवं फक्त देशमुखांच्या कुंपणाआड होतं.

गोजराच्या अंगणात परत आलेल्या मडक्यांचा ढीग होता. त्यातलं एक राखेच्या उकिरड्यात गळ्यापर्यंत रुतलं होतं. बायजाच्या अंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं पाणी ती त्यातच ओतायची, टाकायचं कुठे म्हणून. एक दिवस पाहते तो मडक्याला लागून भोपळ्याचा वेल उगवलेला. माळ तव्यासारखा तापला होता, आणि हा वेल टवटवीत. तिने हाताने माती उकरली. तान्हं मूल आईला बिलगावं तशी वेलाची मुळं मडक्याला बिलगली होती.

गोजरा तिथेच बसली आणि कितीतरी वेळ हसत राहिली, असं म्हणतात.

मग तिने ढिगातली सगळी मडकी अंगणात गळ्यापर्यंत पुरली. तोंडावर मातीचे परळ झाकले, जेणेकरून उन्हाला थेंबही दिसू नये. भोवती पाचोळा आणि भुसा पसरला. प्रत्येक मडक्याजवळ बी टोचलं: भोपळा, दोडका, घेवडा. वाट्याची घागर प्यायला, आणि धुण्या-न्हाण्याचं गाळून मडक्यांना. वरून कधी शिंपडलं नाही. बायजा विचारायची, "आये, झाडाला पाणी घालत न्हाईस, मडक्याला काय घालतीस?" गोजरा म्हणायची, "वर वतलं तर सूर्य पितो. त्याला काय कमी हाय गं?"

वेल वाढला. भिंतीवर गेला, भिंतीवरून छपरावर गेला. सगळ्या माळावरच्या चिमण्या तिथे उतरल्या. छपराखालच्या सावलीत कोंबडी अंडी घालायला विसरून झोपायची, असं म्हणतात.

तिकडे विहिरीचा तळ दिसू लागला आणि गावाने उठायचं ठरवलं. देशमुख म्हणाले, "नदीकाठी जाऊ. उद्या गाड्या जुंपा." ज्यांनी विहीर उपसली तेच पुढे होऊन गावाला वाट दाखवू लागले. पण तरसवाडीची एक रीत होती. गावदेवी जाखाईला नैवेद्य दाखवून निरोप घेतल्याशिवाय गाव सोडता येत नसे, आणि नैवेद्याच्या पानावर हिरवी भाजी लागायची. देशमुखांची बाग तोवर जळून कोळसा झाली होती. धोंडी गुरव पान घेऊन दारोदार फिरला. कुणाकडे मेथीची काडी नाही. फिरत फिरत तो गावाच्या टोकाला आला आणि त्याने गोजराचं छप्पर पाहिलं.

त्याच्या हाळीने गाव गोळा झालं. देशमुख आले. हिरवं पाहून पहिल्यांदा त्यांचे डोळे फिरले, मग जीभ फिरली.

"पाणी चोरतीस, गोजरे?"

"तुमच्याच गड्याकडनं घागर मोजून घेती, सरकार. चोरी मला जमती व्हय? ती मोठ्यांची कामं."

कुणीतरी परळ उचलला. खाली मडकं. दुसरा उचलला, तिथेही मडकं. बायकांनी तोंडाला पदर लावले. धोंडी गुरव ओरडला, "अरारारा! दारात गळकी मडकी पुरली! हिनं जित्या गावाची माती केली!" माती करणं म्हणजे मेलेल्याची क्रिया उरकणं, हे तरसवाडीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. पाऊस का गेला, विहीर का आटली, सगळ्याचं उत्तर एका क्षणात सापडलं. उत्तर असं गरिबाच्या अंगणात सापडलं की माणसांना फार बरं वाटतं. पुरुषांनी कुदळी उचलल्या.

गोजरा वेलापुढे उभी राहिली. "भोक पाडल्यालं मडकं मड्याचं असतं, धोंडीबा. माझ्या मडक्याला भोक दाव, आन् मग खुशाल फोड."

गुरवाने एक मडकं उकरून वर काढलं. फिरवून पाहिलं, उन्हात धरलं, आत हात घातला. भोक नव्हतं. पण मडकं बाहेरून ओलं होतं.

"मग पाणी जातं कुठनं?"

"अंगातनं. राबत्या बाईला घाम येतो तसं. तुझ्या बायकूला इचार."

गर्दीत बायका हसल्या. कुदळी खाली आल्या. गुरवाने ओशाळून एक भोपळा मागितला, निरोपाच्या नैवेद्याला.

गोजराने आत पाहिलं. दारातल्या बाजेवर बायजा कळा दाबत पडली होती. गाव गेलं तर सुईण जाणार होती. आणि बायजाला गाडीत घातलं तर ती पहिल्या ओढ्याच्या पुढे जाणार नव्हती.

"भोपळा देती. पर जायाच्या नैवेद्याला न्हाई. राहायाच्या नैवेद्याला देती."

"तसला नैवेद्य कुठं असतो?"

"न्हाई ना? मग आज चालू कर!"

देशमुख गरजले, "गाड्या सकाळी निघतील! नैवेद्य असो नसो!" आणि ते चालू पडले.

सकाळी गाव जागं झालं आणि पाहतं तो काय, गोजराचा वेल छपरावरून उतरला होता. तो गल्लीबोळांतून गेला होता आणि त्याने जुंपायला काढलेल्या एकेका गाडीच्या चाकाला, आऱ्यांतून, आसाला विळखे घातले होते. बैलांच्या शिंगांवर पिवळी फुलं होती. माणसांनी विळे चालवले, विळे बोथट झाले, असं म्हणतात. फक्त एका गाडीला वेल शिवला नव्हता. ती रावजी देशमुखांची. त्यांना जायचं होतं, ते गेले. नदीकाठी त्यांचं काय झालं ते तरसवाडीला ठाऊक नाही, आणि तिने कधी विचारलंही नाही.

सुईणीने गाडीतलं गाठोडं खाली टाकलं आणि बायजाकडे धावली. दिवस मावळायच्या आत गोजराच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. दोघीही वाचल्या. धोंडी गुरवाने राहायचा नैवेद्य जाखाईला दाखवला आणि देवीच्या कपाळावर घामाचा थेंब उभा राहिला, असं म्हणतात.

विहिरीवर आता मोट नव्हती. तळाला जे झिरपायचं ते सगळ्यांना पुरून उरू लागलं. गोजराने थोड्या चिपाडात भाजलेली मडकी दारोदार दिली, आणि घराघरांसमोर वेल चढले. त्या वर्षी पाऊस आला की नाही, हे कुणी सांगत नाही. तुम्ही विचाराल तर म्हातारी माणसं म्हणतात, "आला आसंल. आमचं कुठं अडलं हुतं?"

गोजरा पिकल्या पानासारखी गेली. चितेभोवती मडकं घेऊन तिची नात फिरली, तीच ती वेलाच्या दिवशी जन्मलेली. रीतीप्रमाणे कुणीतरी मडक्यावर दगड मारला. भोक पडेना. पण मडकं सगळ्या अंगाने पाझरू लागलं, आणि भोवती उभे असलेले सगळे रडू लागले. मग ते फोडलं नाही. तिथेच पुरलं. तिथे आलेला वेल अजून आहे, असं म्हणतात.

आता बंगल्यापुढच्या गवतावर भर दुपारी फवारे उडवणाऱ्यांनी एकदा तरसवाडीला जावं. अक्षय्य तृतीयेला जावं. सगळा मुलूख त्या दिवशी पितरांसाठी मडकं भरतो. तरसवाडीत भरतात, आणि ते गोजराच्या नावाने अंगणात पुरतात, कडेला भोपळ्याचं बी टोचतात. पहिला भोपळा देवाला जात नाही. गावात जी पोटुशी असेल तिच्या घरी जातो. नवी सून वेल नीट वाढवू लागली की सासू शेजारणीला अभिमानाने सांगते, "पोरीनं घराची माती केली गं!" पाहुणे दचकतात. त्यांना गोष्ट सांगावी लागते.

आणि त्या गावच्या बाजारात कुंभारापुढे बसलात, तर तो मडकं हातात देण्याआधी वाजवून पाहतो आणि एवढंच विचारतो:

"पाण्याला पायजे, का गोजराला?"