उलांडीवरची रिकामी जागा

आडबंदरच्या खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधी, माझ्या आजोबांच्या आजोबांनाही मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, इथे आवडूबाय तारीण होडी चालवायची. माणसं या काठावरून त्या काठावर नेणं हे तिचं काम. होडी उलांडीची होती. उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला दोन लांब वाशांवर बांधलेला ओंडका. तो पाण्यावर टेकून राहतो, म्हणून होडी कलंडत नाही. कोण किती वजनाचं, हे आवडूबाय नुसत्या नजरेने सांगायची. खोत होडीत चढला की ती दोघांना उलांडीकडे सरकवायची, आणि खोत जेवून आला असला तर तिघांना, असं म्हणतात.

एका माघात दाट धुकं पडलं. आवडूबायचा नवरा मासे मारून परतत होता. त्याच्या हाका गावाला ऐकू आल्या, पण गाव कुठल्या अंगाला आहे हे त्याला कळेना. होडी खडकावर फुटली. आवडूबाय बारा दिवस रडली. तेराव्या दिवशी तिने वल्हं उचललं आणि म्हणाली, "गावाक घांट होयी. धुक्यात समुद्रार ऐकाक येयत अशी."

पुढची सात वर्षं तिने भाडं म्हणून फक्त पितळ घेतलं. कुणी फुटकं तपेलं दिलं, कुणी पिचका तांब्या, कुणी कडीचं झाकण. पलीकडच्या काठावरच्या कासाराने त्याची घंटा ओतली. चार गडी लावले तरी ती जेमतेम हलायची.

आमच्या गावाला भांडायला कारण लागत नाही, आणि इथे तर कारण होतं. वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकींच्या विहिरीचं पाणीसुद्धा पीत नसत. पहिला टोल कुणाचा, यावरून त्यांची जुंपली आणि घंटा दोन महिने पलीकडेच पडून राहिली. मग वरच्या वाडीने शहाणपणा केला. त्यांनी गुपचूप आपल्याच होडीत घंटा चढवली आणि तोल राहावा म्हणून उलांडीवर धोंडे बांधले. पहिल्याच लाटेला धोंड्यांनी उलांडी पाण्याखाली ओढली आणि होडी उलटली. ओहोटीला घंटा चिखलातून उपसून पुन्हा त्याच काठावर ठेवावी लागली. खालची वाडी पोट धरून हसली. मेल्यांना लाज नव्हती, दुसरं काय!

त्याच आठवड्यात पुन्हा धुकं उतरलं. आवडूबायचा धाकटा भाऊ धाकू समुद्रात होता. दोन दिवस झाले, तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवडूबाय देवळासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही वाड्यांना हाक घातली. "घांट आणूक माका सहा माणसां होयी. तीन वरची, तीन खालची."

वरच्या वाडीचा भिवा गावकर म्हणाला, "धोंडे जास्ती झाले. थोडे कमी बांधूया."

"धोंडो बसलो की बसलो. लाट इली तर त्येका सर म्हटलां तर सरतलो काय? घांटीक तोड माणसांचीच होयी."

"मगे सगळी आमचीच ने."

"आणि खालची काठार उभी रवान बुडूची वाट बघतली? तां चलाचा नाय. माझो भाव थंय आसा."

भिवा धरून सहा जण होडीत चढले.

येताना घंटा होडीत, आणि सहा जण उलांडीच्या वाशांवर, एक वरचा, एक खालचा असे. एकमेकांची मनगटं धरल्याशिवाय तिथे बसता येत नाही. ज्यांनी कधी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, त्यांनी हात धरले. आवडूबाय ओरडायची "भायर!" की सगळे बाहेर सरकायचे, "भितर!" म्हटलं की आत. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण खाडी तिला तोंडपाठ होती.

मध्यावर मोठी लाट आली. असं म्हणतात, ती माडाएवढी होती. घंटा एका अंगाला घसरली आणि सहा माणसांसकट उलांडी हवेत उचलली गेली. एका माणसाचं वजन कमी पडत होतं. आवडूबायने वल्हं भिवाकडे फेकलं, वाशावरून धावत गेली आणि उलांडीच्या अगदी टोकाला जाऊन बसली. उलांडी पाण्यावर टेकली. लाट सगळ्यांच्या डोक्यावरून गेली.

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा टोकाला कुणी नव्हतं. त्यांनी हाका मारल्या, पाणी ढवळलं, ती सापडली नाही. पण उलांडीचं टोक काठ लागेपर्यंत तसंच दाबलेलं होतं, कुणी बसलेलं असावं तसं. असं ते सहाही जण मरेपर्यंत सांगत होते.

काठावर पहिल्या टोलासाठी कुणी भांडलं नाही. भिवाने आणि खालच्या वाडीच्या सोमाने घंटेच्या लोलकाचा एकच दोर धरला आणि टोल देत संध्याकाळपर्यंत सोडला नाही. दिवेलागणीला धाकूची होडी आवाजाच्या रोखाने किनाऱ्याला लागली. उतरताच त्याने विचारलं, "बाय खंय?"

आज खाडीवर पूल आहे. तरी धुकं पडलं की देवळातली घंटा वाजते, आणि दोराला दोन हात लागतात, एक वरच्या वाडीचा, एक खालच्या. आमच्या होड्यांना अजून उलांडी असते आणि तिच्या टोकाला कुणी बसत नाही. नवखा कुणी जाऊन बसलाच, तर म्हातारे त्याला दरडावतात, "ऊठ थंयसून. थंय बाय बसली हा."