कुशाबाचं आढं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे सावरखिंडीत अजून विहीरसुद्धा खणलेली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. नक्की साल मला विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते सांगायला उरले नाहीत, आणि जे सांगतात त्यांना ठाऊक नाही.

त्या काळी जुना गोठा पाडायची एकच रीत होती. छपराच्या मधोमध जे जाड आडवं लाकूड असतं ते आढं, आणि ते ज्याच्या डोक्यावर टेकलेलं असतं तो मधला खांब म्हणजे मेढ. मेढीला सोल, म्हणजे जाड दोर बांधायचा, दुसरं टोक बैलांच्या जूला, आणि बैल हाकायचे. घटकेत गोठा भुईसपाट. धुरळा खाली बसला की लोक हसत घरी जायचे.

कुशाबानंही आपला शेळ्यांचा गोठा असाच पाडला. ओढण्याआधी त्यानं अंगणातून एक हाक मारली होती, "कोण हाय का रं आत?" कोणी ओ दिली नाही. त्याची बायको ठकी आतच होती. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला अलगद उचलून टोपलीत घ्यावं म्हणून ठकी श्वास रोखून वाकली होती. ओ दिली तर कोंबडी उडून अंडी फुटतील, एवढाच तिचा विचार. कुशाबानं बैल हाकले.

असं म्हणतात, की त्यानंतर वर्षभर कुशाबा कोणाशी बोलला नाही. वर्षानंतर शेजारच्या वाडीत कोणी तरी मेढीला सोल बांधताना त्यानं पाहिलं, आणि तो पळत जाऊन मध्ये उभा राहिला. तो गोठा त्यानं स्वतः उतरवला. तेव्हापासून पंचक्रोशीतला प्रत्येक मोडका गोठा, खोपट, पडवी त्याच्याच हातानं उतरू लागली.

त्याची रीत अशी. आधी तीन हाका. प्रत्येक हाकेनंतर थांबायचं. मग एकट्यानं आत जायचं, चारही कोपऱ्यांना आणि अंधारातल्या प्रत्येक जागेला हात लावून यायचं. मग कौलं काढायची, एक ओळ इकडची, एक ओळ तिकडची, म्हणजे भार एका अंगाला जात नाही. मग वासे. मग आढ्याला दोन्ही टोकांना टेकू. मेढ सगळ्यात शेवटी. ज्या कामाला लोक घटका लावत, त्याला कुशाबा तीन दिवस लावी. लोक चेष्टा करत, की कुशाबा गोठा पाडत नाही, त्याला आंघोळ घालून निजवतो. तो ऐकून घेई.

पुढे रखमाजी पाटलाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मांडव घालायचा तो जुन्या गोठ्याच्या जागेवर, आणि पाटलाला ही आठवण झाली लग्नाच्या आदल्या दिवशी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवऱ्याच्या आधी सासराच उतावळा. कुशाबा येईपर्यंत गड्यांनी मेढीला सोल बांधून बैलही जुंपले होते.

कुशाबा म्हणाला, "पाटील, बैल सोडा. तीन दिस लागत्याल."

"तीन दिसांनी काय नातवाचं बारसं करू?" पाटील ओरडला. "हाका मार आन् हो बाजूला."

कुशाबानं तीन हाका मारल्या. आतून काही आलं नाही.

"झालं न्हवं? कोनी न्हाई आत," पाटील म्हणाला.

"माझ्या ठकीनं बी ओ दिली न्हवती, पाटील," कुशाबा म्हणाला, आणि वाकून आत गेला.

पाटलाची धाकटी मुलगी सारजा जन्मापासून बहिरी आणि मुकी होती. लग्नघराची गर्दी नको म्हणून ती गव्हाणीमागे कडब्यात जाऊन बसली होती. तिला तीन काय, तीनशे हाका मारल्या असत्या तरी ऐकू गेल्या नसत्या. चौथ्या कोपऱ्यात कुशाबाचा हात तिच्या डोक्याला लागला.

नेमक्या त्याच वेळी वेशीवर वऱ्हाड आलं आणि ताशा कडाडला. बैल बुजले. सोल ताणला गेला आणि मेढ उखडून बाहेर आली.

छप्पर खाली आलं, पण जमिनीपर्यंत आलं नाही. चार गड्यांना न उचलवणारं ते आढं कुशाबानं दोन्ही हातांनी खांद्यावर धरलं होतं. असं म्हणतात, की त्याचे पाय घोट्यापर्यंत भुईत रुतले होते. त्याच्या पायांमधून रांगत सारजा बाहेर आली. तिच्या आईनं तिला उचलून कडेवर घेतलं.

मग धावाधाव झाली. पाटलानं स्वतःच्या हातांनी टेकू लावले, कौलं काढली, वासे काढले. दिवस कलला. शेवटी उघड्या आभाळाखाली फक्त आढं राहिलं आणि ते धरून उभा कुशाबा.

"सोड आता कुशाबा," पाटील म्हणाला. "समदी भाईर हायती. सोड रं बाबा."

कुशाबानं सोडलं नाही. पाटलानं त्याच्या छातीला हात लावला आणि पाटीलच लहान पोरासारखा रडायला लागला. कुशाबा केव्हाचाच गेला होता. दहा गड्यांनी आढं ओढून पाहिलं, पण त्या हातांची बोटं सुटेनात.

तेव्हा सारजा आईच्या कडेवरून उतरली. तिला बोलता येत नव्हतं. बाप शेतातून खांद्यावर भारा घेऊन आला, की ती त्या भाऱ्यावर तळहातानं दोनदा थोपटायची. घरात सगळ्यांना ते कळायचं, की आलास ना घरी, ठेव आता. ती आढ्यापाशी गेली, टाचा उंच केल्या आणि दोनदा थोपटलं.

बोटं उघडली. पाळण्यात मूल ठेवावं तसं ते आढं हळूच खाली आलं, असं म्हणतात. मग कुशाबाही आडवा झाला.

लग्न महिन्याभरानं झालं, दुसऱ्या जागी. पाटलानं त्या जागेवर पुन्हा काही बांधलं नाही. ते आढं अजून वेशीपाशी पडलेलं आहे, आणि त्याला वाळवी लागत नाही. मी स्वतः जाऊन नखानं टोकरून पाहिलंय.

आजही सावरखिंडीत कोंबड्यांचं खुराडं जरी काढायचं असलं, तरी आधी तीन हाका मारतात. कोणी ओ दिली नाही, तरी घरातलं एक माणूस आत जाऊन चारही कोपऱ्यांना हात लावून येतं. हल्ली पत्र्याच्या शेड असतात, काढायला यंत्रं येतात. यंत्रवालाही तेवढा वेळ यंत्र बंद ठेवतो, नाही तर त्याला गावात कोणी पाणी विचारत नाही.

आणि सगळं उतरल्यावर शेवटचं आढं राहतं, तेव्हा गडी ते खांद्यावर धरून उभे राहतात. घरातली सगळ्यात धाकटी मुलगी पुढे येते, टाचा उंच करते आणि त्याच्यावर दोनदा थोपटते. मगच ते खाली ठेवतात.