हिना की वाळा?

बोके अजून मिशांना पीळ भरत, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटली तर कुठल्याही बोक्याला विचारा. तो तोंड फिरवून निघून जाईल, हाच पुरावा.

एका अत्तरवाल्याच्या माडीवर उंदरांची वस्ती होती आणि खाली दुकानात रंगराव नावाचा देखणा बोका. त्याच्या गळ्यात घंटा बांधायचा ठराव उंदीर दरवर्षी टाळ्यांच्या गजरात मंजूर करत, पण बांधायला जाणार कोण? अशात एक दिवस गोदूकाकू उंदरीण त्याच्या पंज्याखाली सापडलीच.

“शेवटची इच्छा?” रंगरावानं विचारलं.

“इच्छा कसली, रावसाहेब! एवढं रुबाबदार रूप, आणि अंगाला वास सुक्या बोंबलाचा? त्या फळीवर दोन खानदानी अत्तरं आहेत, हिना आणि वाळा. तुम्हाला कुठलं शोभतं तेवढं बघते, मग खुशाल खा.”

रंगराव विचारात पडला. “थंडीत हिना. ऊब असते त्याला.”

“काय पारख! आणि उन्हाळ्यात?”

“वाळा! एवढंही कळत नाही होय?” म्हणत तो ऐटीत फळीकडे वळला. काकू केव्हाच बिळात!

तेव्हापासून रंगराव ऋतू बघून कानात फाया खोचतो. जिन्यात दरवळ आला की माडी रिकामी. बिचारा रोडावलाय, त्याला वाटतं, अत्तर निवडण्यातच काहीतरी चुकतंय.

“काकू, घंटा बांधलीत तरी कशी?” पोरं विचारतात.

“बांधली कुठे? दोनांतली कुठली हवी, एवढंच विचारलं.”