गाडीची ओटी

कासार गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग कमरेएवढा झाला होता. सुगंधाबाईंची नात डेंग्यूनं फणफणली, तशा त्या तडक नगरपालिकेत गेल्या. नगराध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "बाई, कचरागाड्यांचे भाव भडकलेत, कंपनीकडे रांग लागलीय. थांबा जरा."

अखेर एकच गाडी आली, तीही कचरा उचलायला नव्हे, गल्लोगल्ली उद्घाटनाला! नारळ फुटला, फोटो निघाला, की कोरी करकरीत गाडी पुढच्या गल्लीत.

कासार गल्लीत आबासाहेब छाती फुगवून म्हणाले, "ही गाडी म्हणजे आपल्या गावची लेक! चल रे ड्रायव्हर, पुढं घे."

आरतीचं ताट घेऊन सुगंधाबाई गाडीला आडव्या आल्या. "असं कसं, आबासाहेब? दारी आलेली लेक रिकाम्या ओटीनं पाठवायची? आमच्यात नाही हो तशी रीत. बायांनो, भरा गं ओटी!"

दारादारांतून फावडी आणि घमेली निघाली. पेपरवाले फोटो काढतच होते, त्यामुळे आबासाहेबांना हसत उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. बघता बघता अख्खा ढीग गाडीत चढला.

हात झटकत सुगंधाबाई म्हणाल्या, "आता नेऊन सोडा लेकीला सासरी, कचरा डेपोवर. आणि उद्यापासून रोज माहेरी धाडा!"